खालूंची ऐसपैस जागा

रिकामी जागा दिसली की ती भरून टाकावी असं सगळ्या जगाला वाटतं. माझ्या खालूंना मात्र ती आणखी रिकामी कशी करता येईल याची काळजी असे. खालू म्हणजे माझ्या खालाचे, मावशीचे, यजमान. साठच्या दशकात दुबईत देरा या जुन्या वस्तीतल्या एका खोलीत आम्ही सात रत्नागिरीकर पथाऱ्या चिकटवून झोपायचो. एकाने कूस बदलली की सगळ्यांना बदलावी लागे. म्हणून शुक्रवारच्या सुट्टीआधी, दर गुरुवारी संध्याकाळी, आठवड्याच्या कामाने माझं अंग आंबून गेलेलं असताना, खालू माझ्या उशाशी उभे राहत. "यल्ला, ऊठ! तळ्यावर जायचंय."

तळं म्हणजे वाळवंटात शिरलेल्या खाडीचं पसरट टोक. तिथे भाडं नाही, मालक नाही, माणूसच नाही. तरी पिकअपमधून उतरताच खालू मोकळ्या वाळूला मोठ्याने सलाम करत. "जिनांच्या अंगणात मुकाट शिरू नये!" मग जुन्या शिडाच्या कापडाचे तंबू ते इतके लांब लांब ठोकायला लावत की शेजारच्या तंबूत चहा देऊन येईपर्यंत आपला गार होई. "खुदाने इतनी जमीन दी है, हबीबी, ऐसपैस बसा!" आणि सगळ्यांना ऐसपैस बसवून झालं की स्वतःच प्रत्येक तंबूत डोकावत विचारत, "झोपलास का रे?" झोपलेल्यालाही उत्तर द्यावं लागे. मला त्यांचा अगदी वीट यायचा, आणि पुढच्या गुरुवारी तंबूचे दांडे पिकअपमध्ये मीच चढवायचो.

या सगळ्याच्या मुळाशी खाला होती. ती गावच्या मोठ्या घरात एकटी राहायची. "तिला मोकळ्याची सवय. आपल्या खुराड्यात ती एक दिवस टिकायची नाही," खालू म्हणत. कधीतरी तिला हे तळं दाखवायचं आणि दुबईत राहायला राजी करायचं, एवढ्यासाठी ते वर्षानुवर्षं तळ्याकाठी चांगली जागा शोधत होते.

एका हिवाळ्यात ती महिनाभरासाठी आली. खालूंनी तिचा तंबू पाण्याकाठी, सगळ्यांपासून दूर ठोकला. खालाने तो पाहिला, चटई उचलली आणि सरळ आमच्या चुलीपाशी आणून पसरली.

"अगं, तिकडे मोकळं आहे."

"मोकळं बघून बघून मी कंटाळले. घरात भांडं पडलं तरी बरं वाटतं, कुणीतरी आहे म्हणून. मला त्या खोलीतसुद्धा चाललं असतं."

"मग आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

खालू जाऊन तिच्या तंबूची एकेक खुंटी उपटत राहिले. मला त्यांची फार दया आली.

खाला परत गेली नाही. देऱ्यातच एक लहानशी खोली घेऊन दोघं राहिली. त्यानंतर गुरुवारी माझ्या उशाशी कुणी उभं राहिलं नाही. हवी तेवढी झोप मिळणार होती, आणि मी डोळे उघडे ठेवून पडून राहायचो.