दहापैकी परवा नाही

"मॅडम, या माणसाच्या एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही," वर्क्स मॅनेजर गौडा म्हणाले आणि त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "एकाही."

हे त्यांनी कौतुकानं सांगितलं नव्हतं. मीही कौतुकानं ऐकलं नाही.

स्क्रीनवर एका सर्व्हिस अॅडव्हायझरचे फॉर्म होते. वरपासून खालपर्यंत दहा, दहा, दहा. अहो, सख्खी बायको नवऱ्याला दहापैकी दहा देत नाही. आणि इथं गाडीचे ब्रेक पॅड बदलून घेतलेला माणूस देतो? कुठंतरी पाणी मुरत होतं.

माझं काम काय ते आधी सांगते, नाहीतर वाटेल ही बाई उगाच लोकांच्या मागे लागते. मी एका जपानी मोटार कंपनीसाठी ऑडिट करते. पैशांचं नाही, समाधानाचं. गाडी सर्व्हिसिंगला दिली की काउंटरवर जो माणूस तुमची तक्रार लिहून घेतो आणि संध्याकाळी किल्ली परत देतो, तो सर्व्हिस अॅडव्हायझर. किल्ली देताना तो टॅबवर एक फॉर्म पुढे करतो. तुम्ही किती समाधानी आहात, दहापैकी आकडा द्या. नऊ किंवा दहा म्हणजे पास. आठ म्हणजे नापास. हो, आठसुद्धा! मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले होते. शाळेत आठ मिळाले असते तर आमच्या आईनं पेढे वाटले असते.

पण जपान्यांचं तसंच असतं. दरवर्षी ट्रेनिंगला बंगळुरूला बोलावतात आणि कंपनीच्या इतिहासाची फिल्म दाखवतात. आधी एका गावात शिलाई मशीनचे सुटे भाग, मग तीनचाकी, मग मोटार. पहिल्या गाडीचं दार नीट लागत नव्हतं म्हणून मूळ मालक स्वतः गिऱ्हाइकाच्या घरी गेले आणि अंगणात बसून ते दार शंभर वेळा उघडून लावून पाहिलं म्हणे. खरंखोटं त्यांनाच ठाऊक. पण त्यावरून कंपनीचा नियम झाला, शंका आली की फोनवर भागवायचं नाही, जागेवर जायचं. तो नियम मला आवडतो. माझा स्वभावच तसा आहे. भाजीवाल्यानं कोथिंबीर जास्त दिली तरी मी जुडी उलटी करून बघते.

शिवाय या धंद्यात मी काय काय पाहिलंय! एका अॅडव्हायझरनं सगळ्या गिऱ्हाइकांच्या नावापुढं आपल्या मेव्हण्याचा मोबाइल नंबर टाकला होता. आमच्या कॉल सेंटरचा फोन आला की मेव्हणा आवाज बदलून 'व्हेरी गुड सर्व्हिस' म्हणायचा. एकदा तो कुणा बाईच्या नावानं बोलायला गेला, तेव्हा सापडला.

म्हणून मी सगळ्यात आधी मोबाइल नंबर तपासले. आणि सापडलं. तीन फॉर्म, तीन वेगळी नावं, तीन वेगळ्या गाड्या आणि नंबर एकच. पत्ता तिघांचाही येलवाल गावचा.

"बघा," मी गौडांना म्हटलं.

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "मॅडम, त्याला मात्र काही बोलू नका. प्रूफ आणा. नियम तुम्हाला माहीत आहे."

माहीत होता. अॅडव्हायझरनं आकडा स्वतः टाकला असं सिद्ध झालं तर त्याला थेट घरी पाठवायचं. नोटीस नाही, सुनावणी नाही.

हा अॅडव्हायझर म्हणजे कृष्णोजीराव. वय चोपन्न. हिनकलच्या त्या वर्कशॉपमध्ये अठरा वर्षं एकाच काउंटरवर. म्हैसूरच्या जुन्या मराठी घराण्यातले. खापरपणजोबा कधीतरी घोड्यावर बसून इकडं आले आणि इथलेच झाले. घरात अजून मराठी बोलतात, पण तिच्यात अर्धी कानडी. मी लग्नानंतर साताऱ्याहून इथं आलेली. पहिल्या भेटीत मी मराठी आहे कळल्यावर त्यांचा चेहरा असा काही फुलला होता की विचारू नका.

"अक्का, आमचं माणूस म्हणून सांगायचं की नाही मत्ते! बसा, बसा. कॉफी सांगतो."

आमचं माणूस म्हटलं की मी सावध होते. आमच्या माणसानंच मला फ्लॅट दाखवताना गळकं बाथरूम लपवलं होतं.

त्या दिवशीही काउंटरवरून हाक आली. "अक्का, कॉफी?"

"नको, घाईत आहे," मी म्हटलं आणि सरळ येलवालला निघाले.

तो नंबर माणिकरावांचा होता. रिटायर्ड पीटी मास्तर, ताठ कण्याचे, शर्ट खोचलेले. अंगणात खरंच कंपनीच्या तीन गाड्या उभ्या. त्यांची आणि दोन भावांची घरं एका ओळीत होती.

"तिघांना नंबर एकच कसा?" मी विचारलं.

"थोरल्याला ऐकायला येत नाही. धाकटा फोन उचलत नाही. मीच बोलतो की सगळ्यांचं," ते म्हणाले. मराठीतच. मला हायसं वाटलं. माझी कानडी कामापुरती. कानडीत समोरचा बोलला की मला प्रत्येक गोष्ट दोनदा विचारून खात्री करावी लागते. इथं तो त्रास नव्हता.

त्यांच्या मंडळींनी कोडबळे आणि कॉफी आणून ठेवली. मी वही उघडली.

"गाडीबद्दल समाधानी आहात का?"

माणिकरावांनी गाडीकडं पाहिलं. मग माझ्याकडं. "परवा नाही," म्हणाले.

माझे कान टवकारले. "आणि सर्व्हिसिंग? कृष्णोजीरावांचं काम?"

"परवा नाही."

"म्हणजे फॉर्मवर दहापैकी दहा तुम्ही दिलेले नाहीत?"

"आकडा होय? ते कृष्णोजी टाकला असेल. मी सुम्ने सही केलं."

सुम्ने म्हणजे नुसतंच, असंच. एवढी कानडी मला येत होती.

धाकटा भाऊ कुंपणाशी नारळ सोलत होता. त्यालाही विचारलं. मान वर न करता तोही म्हणाला, "परवा नाही." थोरल्याला ओरडून विचारलं, तर त्यांनी नुसता हात हलवला.

मला आणखी काय हवं होतं? तीन गिऱ्हाइकं, तिघांनाही गाडीची ना सर्व्हिसची पर्वा, आणि आकडा परस्पर कृष्णोजीरावांनी टाकलेला. गाडीत बसल्या बसल्या मी रिपोर्ट इंग्रजीत टाइप केला. गिऱ्हाइकांना काही देणंघेणं नाही, समाधानी नाहीत, गुण अॅडव्हायझरनं स्वतः भरले. घरी पोचायच्या आधी तो बंगळुरूला गेलासुद्धा. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. अचूक वास लागला म्हणून.

तिसऱ्या दिवशी गौडांनी केबिनमध्ये बोलावलं. कृष्णोजीराव आधीच उभे होते. टेबलावर कोरा कागद आणि पेन.

"राजीनामा स्वतःहून लिहिला तर रेकॉर्डवर डाग राहणार नाही," गौडा त्यांना म्हणत होते.

कृष्णोजीरावांनी माझ्याकडं पाहिलं. "अक्का, तुम्ही येलवालला गेलात?"

"गेले होते."

"मला विचारला असतात तर मीच नेलो असतो."

"म्हणूनच विचारलं नाही," मी म्हटलं.

त्यांनी कागद पुढं ओढला. मग म्हणाले, "मला दुसरं काम येत नाही, अक्का. या वयात कोण घेणार? लिहितो मी. पण एकच सांगा. माणिकराव काय म्हणाले? त्यांचा शब्द सांगा."

"परवा नाही म्हणाले. तिघंही."

कृष्णोजीराव माझ्याकडं बघतच राहिले. मग त्यांचा आवाज चढला. मी त्यांना चढ्या आवाजात कधी ऐकलं नव्हतं. "अय्यो! मत्ते इन्नेनु बेकु? आणखी काय पाहिजे तुम्हाला? माणिकराव जन्मात कुणाला याहून जास्त चांगलं म्हणाले नाहीत!"

मला वाटलं, माणूस अडकला की काहीही बोलतो. पण गौडा खुर्चीत पुढं सरकले. मराठी त्यांना जेमतेम कळायची, पण 'परवा नाही' तेवढं त्यांच्या कानात शिरलं होतं.

"मॅडम, काय म्हणाले ते? परवागिल्ला?"

"नाही हो, परवा नाही."

"तेच ना! इल्ला म्हणजे नाही. परवागिल्ला."

आता हा शब्द मी रोज ऐकते. रिक्षावाला, इस्त्रीवाला, आमच्या मजल्यावरच्या काकू. जेवण कसं झालं? परवागिल्ला. म्हणजे छान, बरं, नाव ठेवायला जागा नाही. कौतुक करायचं पण फार करायचं नाही, यासाठी म्हैसूरकरांनी राखून ठेवलेला शब्द. तो कानडीत आला असता तर मी ओळखला असता. पण माणिकरावांनी तो माझ्यासाठी मराठी करून सांगितला होता. माझ्याशी आपलेपणानं बोलायला गेले बिचारे! आणि माझ्या सातारी कानांना ऐकू आलं, मला पर्वा नाही, गेलात उडत.

तरीही मी लगेच मान डोलावली नाही. दोघं मिळून मला बनवत असतील तर?

"थांबा," मी म्हटलं. "कुणी मध्ये बोलायचं नाही." फोन स्पीकरवर टाकला आणि माणिकरावांना लावला. या खेपेला कानडीत. "सर, कार हेगिदे?" गाडी कशी आहे?

"परवागिल्लम्मा," तिकडून आलं. तोच सूर, तोच ठसका.

कानडीत होते, म्हणून सवयीनं दोनदा विचारलं. परवागिल्ला म्हणजे चांगली आहे, की आपली चालवून घ्यायची?

माणिकराव तडकले. चालवून घ्यायची असती तर घरातली तिसरी गाडी त्याच कंपनीची कशाला घेतली असती? धाकटा दुसरीकडं आगाऊ बुकिंग करायला निघाला होता, त्याला आपण दारातून मागं फिरवलं. आणि कृष्णोजी? त्यानं गाडी बघून दिली की बायकोला घेऊन घाट चढताना आपल्याला काळजी वाटत नाही. एवढं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं आणि वर विचारलं, परवा तुम्ही आलात तेव्हा सांगितलं होतं की, लिहून घेतलं नाही का?

मी फोन ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण प्रश्न एक उरला होता, आणि तो मी विचारला. माझं कामच ते. "कृष्णोजीराव, आकडा तुम्ही टाकलात की नाही?"

"टाकला."

"का?"

"इथले लोक आकडा सांगत नाहीत, अक्का. विचारलं तर म्हणतात, तूच टाक. फार खूश झाले तर आठ म्हणतात. आठ टाकलं की तुमची कंपनी मला विचारणार, काय चुकलं म्हणून. काय सांगू? माणूस खूश आहे, हे चुकलं?"

गौडा पेनाचं टोपण लावत बसले.

एका माणिकरावांवर विसंबणारी मी नव्हे. त्या दुपारी मी कृष्णोजीरावांच्या यादीतल्या आणखी बारा जणांना फोन लावले. सगळे कानडीत, सगळे दोन-दोनदा. एकाची कुरकुर होती की एसीचं पाणी पायाशी ठिबकतं. बाकी अकरा जण गाडीवर आणि माणसावर खूश होते. अकरांपैकी एकाच्याही तोंडून दहा हा आकडा आपणहून निघाला नाही.

मी बंगळुरूला रिपोर्ट मागं घेतल्याचं कळवलं. कारणही लिहिलं, ऑडिटरला भाषा कळली नाही. ते वाक्य टाइप करायला मला जितका वेळ लागला तितका अख्ख्या रिपोर्टला लागला नव्हता. नव्या रिपोर्टमध्ये दोन गोष्टी लिहिल्या. गिऱ्हाइकं समाधानी आहेत. आकडा अॅडव्हायझरनं टाकला, ते चूक आहे. कृष्णोजीरावांना ताकीद मिळाली, नोकरी राहिली. इथं आठ म्हणजे पास धरा, असंही मी सुचवलं. त्यावर उत्तर आलं, 'नोटेड.' फॉर्म अजून तोच आहे.

मग मी माझे जुने रिपोर्ट उघडून बसले. कुणी सांगितलं नव्हतं, पण राहवेना. दोन ठिकाणी माझंच वाक्य सापडलं, गिऱ्हाइकाला देणंघेणं नाही. एक सोसले गावचं गिऱ्हाईक होतं, आडनाव मराठी. त्याचा अॅडव्हायझर त्याच महिन्यात नोकरीवरून गेला होता. मूळ शब्द मी कुठंच लिहून ठेवला नव्हता. आता कुणाला विचारू? गौडांकडून त्या अॅडव्हायझरचा नंबर घेऊन लावला, तर तो बंद झालेला.

तेव्हापासून वहीत मी आधी समोरच्याचा शब्द जसाच्या तसा लिहिते, अर्थ नंतर. नव्या ऑडिटरांनाही हेच शिकवते. परकी भाषा आपल्याला फसवत नाही, कारण तिच्यापुढं आपण जागे असतो. झोप लागते ती आपल्याच भाषेत.

हिनकलला मी अजून दर महिन्याला जाते. कृष्णोजीराव उठून उभे राहतात, खुर्ची देतात, कॉफीही सांगतात. पण माझ्याशी एक शब्द मराठीत बोलत नाहीत. बन्नी मॅडम, कुतकोळ्ळी मॅडम. या, बसा, एवढंच. अक्का गेली ती गेलीच.

मध्ये एकदा मी न राहवून म्हटलं, "माझ्याशी मराठीत बोलत जा की पूर्वीसारखं."

ते कानडीतच म्हणाले, "नको मॅडम. कानडीत तुम्ही दोनदा विचारता."