दाजींची हार्ड डिस्क

आमचे दाजी वारले आणि वर्षाच्या आत त्यांचा लॅपटॉपही वारला. दाजी हार्टअटॅकनं गेले, लॅपटॉप नैवेद्यानं गेला.

दाजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, शालूचे यजमान. अर्धापूरला त्यांची केळीची बाग. पितरांना जेवू घालायच्या दिवशी शालूनं दाजींच्या फोटोपुढं त्यांच्या वस्तू मांडल्या. चष्मा, टॉवेल आणि उघडा लॅपटॉप. पान वाढलं, हात जोडले आणि रीतीप्रमाणं पानाभोवती पाणी फिरवलं. ते थेट कीबोर्डात! दाजींच्या वाट्याचं पाणी लॅपटॉप प्यायला आणि तिथंच थंड पडला.

शालू तो पिशवीत घालून नांदेडला माझ्याकडं आली. आमच्या घराण्यात संगणकाचा जाणकार मी. (कचेरीत माझ्या टेबलावर संगणक होता, एवढ्याच पुण्याईवर.) शिवाय हा लॅपटॉप लातूरला बदली असताना मीच एका दुकानातून जुना घेऊन दिलेला. नातवंडंसुद्धा वापरतील, असं छातीठोक सांगून. तो पहिल्या महिन्यापासून रुसायचा म्हणे, पण दाजींनी मला कधी ऐकवलं नाही. माणूसच तसा. दोन प्रश्न विचारले तर एकाचं उत्तर द्यायचे, तेही मानेनं.

मी म्हणालो, जाऊ दे, दुसरा बघू. शालू पिशवीचे बंद चाळवत बसली.

"दादा, त्यांचं तोंड दिसतंय रे डोळ्यापुढं," ती म्हणाली. "आवाज आठवंना झालाय."

आवाज होता तो या लॅपटॉपातच. रानडुकरं केळीचे बुंधे उकरतात म्हणून तिकडं लोक आपलंच ओरडणं रेकॉर्ड करून रात्रभर बागेत भोंग्यावर लावतात. दाजींनीही या लॅपटॉपवर रेकॉर्ड करून लावलं होतं. भोंग्यातलं कार्ड पावसात गेलं आणि फोनवर दाजी कधी 'हं'च्या पुढं सरकले नाहीत. म्हणजे एवढ्या गरीब माणसाचा आवाज मागं उरला तो डुकरांसाठी काढलेला! मला गलबलून आलं. रडायला नको म्हणून मी स्क्रू ड्रायव्हर शोधायला उठलो.

लॅपटॉप मेला तरी त्याच्या पोटातली हार्ड डिस्क जिवंत असू शकते, ती काढून घरच्या मोठ्या संगणकाला जोडायची, एवढं मी ऐकून होतो. डिस्क निघाली. तिच्या खाचेत हळद-कुंकू होतं. मी ते हलक्या हातानं पुसलं, आमच्या संगणकाचं झाकण काढलं, आतल्या डिस्कच्या वायरी उपसल्या आणि दाजींच्या डिस्कला लावल्या. पडदा काळा. वायर हलवली, डिस्कला फुंकर घातली, पुन्हा बटण दाबलं. काळाच! बायकोनं विचारलं, आपला कॉम्प्युटर तरी आधी चालू होता ना? तेव्हा उजेड पडला. ज्या डिस्कवर आमचा संगणक चालतो तीच मी काढून टेबलावर ठेवली होती. (पेशंटला शुद्धीवर आणायला डॉक्टरनं स्वतः भूल घ्यावी, तसं.)

मग आमची डिस्क जागेवर बसवली आणि सीडीच्या खणाच्या वायरी दाजींच्या डिस्कला दिल्या. पडदा उजळला. त्यावर एक चौकट आली, डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का? संगणकानं विचारलं की 'होय' म्हणायचं, हा माझा नोकरीतला शिरस्ता. बोट निघालंसुद्धा. शालूनं मनगट धरलं.

"ते फॉरमॅट म्हंजी काय?"

"म्हणजे डिस्क साफ करायची."

"साफ म्हंजी काय काय जातंय?"

"सगळंच," असं म्हणालो आणि बोट मागं घेतलं.

"मंग त्येला न्हाई म्हण की, दादा."

न्हाई म्हटलं. वायरी काढून पुन्हा नीट दाबून बसवल्या आणि डिस्क उघडली. आत आधी निघालं कुणाचं तरी लग्न! लॅपटॉपच्या पहिल्या मालकाचं. दुकानदारानं काही पुसलंच नव्हतं. बायको साड्या बघायला थांबली. शालू एकेका अनोळखी तोंडाकडं आशेनं बघत होती. त्या गर्दीत दाजी कुठून येणार? मला तिच्याकडं बघवेना.

सगळ्यात खाली 'डुक्कर' नावाची फाईल होती. उघडली.

"हाड! हाड! निघ भाईर!" दाजी गरजले. स्पीकर पूर्ण मोठा होता, शेजारचं दार उघडल्याचं ऐकू आलं. पण शालूचा हात तोंडावर गेला होता, त्यामुळं आवाज कमी करायचं मला सुचलं नाही. दाजींना मी आयुष्यात असं बोलताना ऐकलं नव्हतं. आणि मग ते म्हणाले, "ए लॅपटॉपवाल्या पाव्हण्या! फसवतूस व्हय रं गरिबाला? लाज हाय का न्हाई? निघ!" पुढं बरंच होतं. ते मी लिहीत नाही.

शालू रडत होती आणि रडता रडता हसत होती.

"त्यांना रागच यीत नव्हता रे दादा," ती म्हणाली. "डुकरावर वरडायला आवाज फुटंना. मंग मीच म्हणलं, दादानं दिल्याला लॅपटॉप आठवा. मंग बघ कसा फुटला."

तिनं पुन्हा लावायला सांगितलं. मी लावलं. पुन्हा सांगितलं, पुन्हा लावलं. पोटभर शिव्या खाऊन मीही रडलो.

शालूनं ते नव्या कार्डावर भरून नेलं. आता रोज अंधार पडला की अर्धापूरच्या बागेत माझा उद्धार सुरू होतो आणि ती ओसरीवर बसून ऐकते. एक प्रत मी ठेवून घेतलीय. दाजींची फार आठवण आली की लावतो. ते "निघ भाईर" म्हणतात तेव्हा तिकडची डुकरं ऐकतात आणि पळतात. मी एवढा निलाजरा, की संपलं तर पुन्हा लावून तिथंच बसतो.