बुटक्या छताखालच्या सुधाताई

"चहा कुठेही बसून प्या, भांडायचं मात्र त्या कोपऱ्यात!" टोकियोजवळच्या इचिकावाला सुधाताईंच्या घरी पहिल्यांदा गेलो, तेव्हा दारातच हा हुकूम झाला. त्या कोपऱ्यात जेमतेम चार फुटी दोन लाकडी खांब उभे होते आणि त्यांवर आडवी फळी. खांब आफ्रिकेतल्या डोगॉन लोकांचे. अंगावर कोरलेल्या बायका, पिढ्यान्‌पिढ्यांचे हात लागून गुळगुळीत झालेल्या. टोकियोतल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात ते दिसले आणि एकट्या राहणाऱ्या ताई हरखूनच गेल्या.

"शोभेचे नाहीत हो ते," त्या सांगायच्या. "त्यांच्या गावात पंचांच्या बैठकीचं छत मुद्दाम बुटकं ठेवतात. चिडून उठलं की डोकं आपटतं. मग बसा मुकाट!"

त्या वर्षी जपानात मोठा भूकंप झाला, त्यानंतर सगळ्यांनी आपापली कपाटं भिंतीला आवळली, ताईंनी आधी खांब आवळले. फळीला खालून गोधडी बांधली होती, कारण तिथे जमणाऱ्या आपल्या मराठी लोकांची डोकी फार आपटायची. कुठल्या वारी कुठला कचरा बाहेर ठेवायचा यावरून अबोला धरलेली दोन बिऱ्हाडं तिथूनच चिवडा खात बाहेर पडली.

मग आमची पाळी आली. धक्के थांबत नव्हते. माझ्या बायकोला, मीनलला, लेकीला घेऊन पुण्याला परतायचं होतं. मला कॉन्ट्रॅक्ट सोडवत नव्हतं. गोष्ट "तू जा, मी राहतो"पर्यंत आली होती. ताईंनी दोघांना खांबांमध्ये बसवलं. थोड्याच वेळात मी "बास झालं!" म्हणत ताडकन उठलो आणि फळीने आपलं काम चोख केलं. मीनल खो खो हसली आणि हसता हसता रडायलाच लागली.

"तू ऑफिसात असताना मोठा धक्का बसला, ट्रेन बंद पडल्या, तर मी हिला घेऊन एकटी काय करू रे?"

आमचं भांडण या वाक्यापर्यंत कधी पोहोचलंच नव्हतं. मला फार वाईट वाटलं. महिन्याभरात आम्ही पुण्याला निघालो, तिघंही.

निरोप घ्यायला गेलो तेव्हा विचारलं, "ताई, या खांबांचा एवढा ध्यास का हो तुम्हाला?"

त्या आमच्यासाठी लाडू भरत होत्या. "आमचं शेवटचं भांडण दारात उभ्याउभ्याच झालं. हे तसेच ऑफिसला निघाले आणि स्टेशनवरच कोसळून गेले. कशावरून भांडलो, तेही आता आठवत नाही बघ."

मग डब्याचं झाकण घट्ट दाबून म्हणाल्या, "विमानात नेऊ नका, फुटतील. आत्ताच खा."