मिलान ते व्हिएन्ना

आमच्या अजमानच्या बिल्डिंगमधल्या फ्लाइटकाकू जगातलं कुठलंही अंतर काकांच्या ऑफिसच्या रस्त्यावर मोजत. काका रोज सकाळी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कला जात, ट्रॅफिकमध्ये दीड तास. "मिलानहून व्हिएन्नाला विमानानं तेवढाही लागत नाही," हे त्या लिफ्टमध्ये भेटेल त्याला ऐकवत. गॅसचा सिलिंडर आणणाऱ्या पठाणालासुद्धा! "भाईसाब, डेढ घंटा भी नहीं!" तो बिचारा "माशाल्ला" म्हणून सुटका करून घेई.

त्यांची रेवती व्हिएन्नात होती आणि धाकटा निखिल मिलानला. ऑफिसचं निमित्त सांगून तो ताईच्या लग्नाला आला नव्हता, तेव्हापासून दोघांचा अबोला. त्यात काकांची रिटायरमेंट आलेली. नोकरी संपली की व्हिसा संपला, मग बाडबिस्तरा पुण्याला. "सुट्टीला दोघं इथं येतात, तोंडं फिरवून का होईना, एका टेबलावर जेवतात," काकू म्हणत. "हे घर उठलं की भेटतील कुठं गं? पुणं त्यांचं कधी नव्हतंच."

त्यामुळे दर फोनला एकच पालुपद. "भाऊबीजेला भावानं बहिणीकडे जायचं असतं, निखिल."

"आई, प्लीज, डोन्ट स्टार्ट अगेन."

"खलास! नाही बोलत," असं म्हणून काकू फोन ठेवत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथूनच सुरुवात करत. चिवटपणात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

त्या वर्षी दिवाळीच्या पंधरा दिवस आधी फराळाचे डबे बांधायला मी मदतीला गेले. निखिल चकल्यांचा वेडा, पण त्याच्या सगळ्या चकल्या रेवतीच्या डब्यात, आणि रेवतीचे बेसनाचे लाडू निखिलच्या!

"काकू, उलट झालं."

"होऊ दे. तू गप चिकटपट्टी लाव."

आठवड्यानं मी तिथं असतानाच निखिलचा फोन आला, काकूंनी तो स्पीकरवर टाकला. "आई, यू मिक्स्ड अप द बॉक्सेस."

"अगं बाई! वय झालं रे माझं. पोस्टानं नको हं पाठवूस, लाडू फुटतील. आपला नेऊन दे." इतकं सफाईदार खोटं मी जन्मात ऐकलं नव्हतं. ओढणी तोंडात कोंबून मी हसू दाबलं. निखिल मात्र "वी विल सी" एवढंच म्हणाला.

भाऊबीजेला मी काकूंकडेच होते. व्हिडिओ कॉल आला. रेवतीचं स्वयंपाकघर, जमिनीवर मांडी घालून बसलेला निखिल, ताटात निरांजनाऐवजी मेणबत्ती. काकू पहिलं काय बोलल्या असतील?

"डोक्यावर काहीतरी घे रे! बोडक्यानं ओवाळून घेतात का?"

रेवतीनं ओव्हनचा जाडजूड हातमोजा भावाच्या डोक्यावर ठेवला आणि दोघं जी हसत सुटली, ती थांबेचनात. मग चकल्या खात इंग्रजीत त्यांच्या गप्पा रंगल्या. काकू तीनदा "अरे, ऐका तरी" म्हणाल्या. शेवटी "आई, कॉल यू लेटर" म्हणून त्यांनी फोन बंदच केला.

मला वाटलं, काकू हिरमुसल्या असतील. पण त्या डोळे पुसत हसत होत्या.

"बघितलंस? आईला विसरली गं दोघं! यल्ला, चल, आता सामान बांधायला घेऊ."

आणि मग मात्र मलाच रडू आलं.