पौषातलं रडणं

आमच्या गावात कोणी गेलं की आधी जिजाबाईकडे सांगावा जायचा, सरणाच्या लाकडांचं त्यानंतर बघितलं जायचं. यात मी काही वाढवून सांगत नाही. अल्लीपूरहून आत वळलं की तुरीच्या वावरांमधून एक कच्चा रस्ता निघतो. तो जिथं संपतो तिथं आमचं गाव, आणि गाव जिथं संपतं त्या गल्लीत जिजाबाईचं घर. मातीच्या भिंती, पुढं सारवलेलं अंगण, अंगणापलीकडे बैल होते तेव्हाचा कोठा. बैल विकल्यावर कोठ्याची एक बाजू बंद करून तिनं तिथं खोली काढली होती. नवरा ऐन उमेदीत गेला. दोन पोरी तिनं लोकांच्या वावरात कापूस वेचून मोठ्या केल्या, शिकवल्या, चांगल्या घरी दिल्या.

पण गावात तिचं नाव होतं ते रडण्यासाठी.

मयताच्या घरी बाया जमलेल्या असत. कोणी भिंतीला टेकून बसे, कोणी तोंडात पदर धरून. रडणं मात्र गोठून राहिलेलं असे. मग जिजाबाई येई. चपला रस्त्यातच कुठंतरी सुटून गेलेल्या असत. ज्या बाईचं माणूस गेलं तिच्या गळ्यात पडून ती हेल काढी. तो हेल नुसता आवाज नसे. गेलेल्याचं सगळं आयुष्य त्यात येई. तो भाकरीबरोबर कांदा कसा मुठीनं फोडायचा, पोळ्याला बैलाच्या शिंगांना कोणता रंग द्यायचा, लेकीच्या लग्नात मांडवाच्या मागं जाऊन कसा रडला. ऐकता ऐकता घरच्या बाईच्या आत काहीतरी हलायचं आणि ती मोकळी व्हायची. मग जिजाबाई आपला आवाज उतरवी आणि तिला रडू देई. पुरेसं झालं असं वाटलं की आपल्या पदरानं तिचं तोंड पुसून म्हणे, "पुरे कर आता माय. तोंड धू." त्या शब्दावर बाई उठे आणि तोंड धुई.

गडीमाणसं थट्टा करत. "जिजाबाई आली रे, आता मेलेलाही उठून आयकते." धाकटी लेक छाया कॉलेजात जायला लागली तेव्हा तीही म्हणायची, "आई, आज तुहा कार्यक्रम कोणाच्या घरी आहे?" जिजाबाई हसायची. म्हणायची, "हास बाई. रडाले दुसऱ्याचा खांदा लागते. एकट्यानं रडता येत नाई, एकट्यानं नुसतं डोळ्यातून पाणी येते."

करोनाच्या वर्षी हे सगळं बंद पडलं. मयताला मोजकी माणसं, तीही दूर दूर उभी. जिजाबाईला दमा होता. आरोग्य खात्याच्या आशाताईनं दारात येऊन बजावलं, "जिजाबाई, तुमी कोणाच्या घरी जायचं नाई, कोणाच्या गळ्यात पडायचं तं नावच काढू नका." त्या पावसाळ्यात गावातली काही म्हातारी माणसं गेली. जिजाबाई आपल्या ओसरीवरून त्यांची तिरडी जाताना बघे आणि म्हणे, "कोरडी गेली बिचारी."

मार्गशीर्ष लागला त्या आठवड्यात तिचा धाकटा जावई योगेंद्र नागपूरच्या दवाखान्यात वारला.

तो आणि छाया, दोघांनाही एकाच वेळी लागण झाली होती. दोघं वेगवेगळ्या वॉर्डात होते. छायाला बातमी खाटेवरच कळली. घाटावर तिचा दीर लांब उभा होता, आणखी कोणी नव्हतं. त्यानं मोबाइलवर एक फोटो पाठवला. पांढऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, दोरीनं बांधलेलं काहीतरी. तेवढंच छायानं पाहिलं.

ती बरी होऊन पौषाच्या तोंडावर माहेरी आली. दिरानं भाड्याची गाडी करून दिली होती. गाडी दारात थांबली तेव्हा जिजाबाई दोन्ही हात पसरून अंगणात उभी होती. छाया उतरली. गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या, कपाळावर टिकली. उतरल्या उतरल्या तिनं हात वर केला.

"आई, तिथंच थांब. तुले दमा आहे. मी कोठ्यातल्या खोलीत राह्यते."

जिजाबाईचे हात तसेच पसरलेले राहिले. एवढ्या बायांच्या गळ्यात पडलेली ती बाई आपल्या लेकीपुढं खांबासारखी उभी राहिली.

मग ते थंडीचे दिवस सुरू झाले. सकाळी धुकं तुरीवरून गल्लीत उतरायचं आणि उन्हाला येऊ द्यायचं नाही. जिजाबाई अंगणाच्या मधोमध चहाची किटली ठेवून मागं सरायची. छाया येऊन ती घेऊन जायची. जेवणाची ताटली तशीच. दुपारी ऊन अंगणात आलं की मायलेकी आपापल्या दारात बसून तुरीच्या शेंगा सोलायच्या. सोल्यांचा, ओल्या तुरीच्या दाण्यांचा, टोपल्यात पडतानाचा आवाज आणि लांबून एखाद्या ट्रॅक्टरचा आवाज, याशिवाय गल्लीत काही ऐकू येत नसे. मुलं घरात, शाळा बंद. छाया बोलायची ती साधंच. शेंगा किडक्या आहेत, कोठ्याचं टिन वाजतं, थोरल्या बहिणीचा, नंदिनीताईचा, फोन आला होता. रात्र झाली की ती योगेंद्रचा मोबाइल चार्जिंगला लावायची. तो कधी वाजत नसे.

एकदा जिजाबाईनं विचारलं, "छाया, झोप लागते का वं?"

"लागते."

"रडली का नाई?"

"कायले रडू?" छायानं शेंग सोलता सोलता मान वर केली. "मी पाह्यलं का त्याईले? पिशवी पाह्यली. आत कोण होतं तुले मालूम आहे का? मले तं नाई."

जिजाबाईनं पुढची शेंग उचलली. गेलेल्याचं तोंड न बघता कोणी रडल्याचं तिलाही आठवत नव्हतं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी शेजारची शोभाबाई कुंपणाच्या भिंतीपाशी आली. तोंडाला फडकं बांधलेलं.

"जिजाबाई, एक इचारू का? राग नका मानू."

"इचार. पहिले ते मुसकं खाली कर, काई समजत नाई."

"आशाताई पाह्यन." तरी शोभाबाईनं फडकं नाकाखाली ओढलं. "यंदा घरात हळदीकुंकू नाई. पण मी वाणाची एकेक वाटी बायाईच्या दारावर ठेवून येऊन राह्यली. छायाचं काय करू?"

"काय करू म्हंजे?"

"म्हंजे तिच्या हातात बांगड्या आहे ना, बाप्पा! वाटी नाई ठेवली तं तिले वाटन, काकूनं टाकलं. ठेवली तं लोक मले बोलतीन."

"लोकाईले सांग, मुसकं बांधलंच आहे तं बांधूनच ठेवा."

शोभाबाई खुदकन हसली, मग तिचं तिलाच कसंतरी झालं. "वाटी काढून ठेवते मी तिच्या नावाची," ती हळू म्हणाली. "रथसप्तमीपर्यंत पाहू. तुमी सांगान तसं."

ती गेल्यावर जिजाबाई परत ओसरीवर येऊन बसली. तिला कळत होतं की हे आपल्यावर येऊन पडलं आहे. तिनं हेल काढला तर जावई मेला. आजवर तो नुसता दवाखान्यात मेला होता, कागदावर मेला होता. अंगणात अजून मेला नव्हता. मायच्या तोंडून ते एकदा निघालं की लेकीच्या कपाळावरची टिकली गेली, बांगड्या गेल्या, शोभाबाईची वाटीही गेली. आणि नाही काढला तर? छायाच्या गालांची हाडं दिसायला लागली होती. तिचं बोलणं रोज थोडं थोडं कमी होत होतं, उन्हाळ्यात विहिरीचं पाणी उतरतं तसं. जिजाबाईनं देवापुढं हात जोडले. तिनं आणखी काही दिवस जाऊ दिले.

एका दुपारी दोघी शेंगा सोलत होत्या. ऊन अंगणात आलेलं होतं. छाया मान खाली घालूनच म्हणाली, "आई, हे आले की त्याईलेही इथंच कोठ्यात ठेवा लागन का? दोघाईले खोली लहान होईन."

जिजाबाईनं हातातली शेंग खाली ठेवली. तिनं टोपलं बाजूला सारलं. मांडीवरची टरफलं झटकली नाहीत. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि हेल काढला.

"माह्या जवाया रेऽऽ… नागपूरचा रस्ता सोडून कोणत्या रस्त्यानं गेला रे बाप्पाऽ… माह्या लेकीले कोणाच्या भरोशावर ठेवलं रेऽ…"

"आई!" छाया उभी राहिली. "चूप बस! काय करून राह्यली तू?"

जिजाबाई थांबली नाही. तिचा आवाज दम्यानं मधेच तुटत होता, पण ती पुढं जात होती. "दारातूनच मामी म्हणून हाक मारे रे माहा जवाई… येता येता गोरसपाक बिस्किटाचा डबा आणे रे सासूसाठीऽ… आता कोण आणन रेऽ…"

"खोटं बोलू नको!" छाया ओरडली. तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "गोरसपाक नागेशभाऊजी आणते! वर्ध्याहून नंदिनीताईचे नागेशभाऊजी आणते! हे कधीच काई आणत नव्हते! रिकाम्या हातानं येत होते, अन् तू शोभाकाकूपाशी सांगत होती, लहान जवाई रिकामाच येते म्हणून! मले मालूम नाई का?"

जिजाबाईचा हेल तुटला. गावातल्या कोणत्याही मयताचं तिच्या तोंडून कधी चुकीचं निघालं नव्हतं. आपल्याच जावयाचं चुकलं. मोठ्याचं धाकट्याच्या नावावर गेलं. खरं म्हणजे धाकट्याबद्दल तिला फारसं माहीतच नव्हतं.

"तुले काय मालूम ते काऊन रिकामे येत," छाया म्हणाली. आता ती ओरडत नव्हती. "दर मिठाईच्या दुकानापुढं गाडी थांबवत. म्हणत, छाया, तुह्या आईले काय आवडते? मी म्हणे, घ्या काईही. म्हणत, काईही नाई, तिले आवडलं पायजे. अन् पुढच्या दुकानात पाहू म्हणत… अन् अल्लीपूर येऊन जाये… अन् घेणं राहूनच जाये वंऽ…"

शेवटचा शब्द लांबला. तो लांबतच गेला. छाया दाराच्या चौकटीला धरून खाली बसली आणि तिच्या तोंडून तोच हेल निघाला, जो तिनं जन्मभर थट्टेवारी नेला होता. "आता कोण थांबवन वं गाडी, माय… कुत्रं दिसलं तं मले पुढं करत होते वंऽ… दवाखान्यात नेलं तं एकदाच मागं पाह्यलं, चष्माही घरीच राह्यला… चष्म्याबिगर कसे दिसले असतीन वं त्या पिशवीतऽ…"

जिजाबाई उठली आणि अंगणात आली. मधोमध, जिथं किटली ठेवायची, तिथपर्यंत पोचली असेल. रडता रडताच छायानं हात वर केला. येऊ नको. जिजाबाई तिथंच खाली बसली. सारवलेल्या जमिनीवर तिनं दोन्ही तळवे टेकले. आजवर तिनं दुसऱ्यांच्या लेकींना पोटाशी धरलं होतं. आपल्या लेकीचं रडणं मात्र ती समोर बसून बघत होती.

भिंतीपलीकडे शोभाबाई रडायला लागली. मग समोरच्या घरातून आवाज आला, मग कोपऱ्यावरच्या. बाया आपापल्या दारात उभ्या राहून, पदर तोंडाशी धरून रडत होत्या. कोणी उंबरा ओलांडला नाही. वर्षभरात कोरड्या गेलेल्या माणसांचंही त्यात असेल. कोण कोणासाठी रडत होतं, हे कोणी कोणाला विचारलं नाही.

ऊन भिंतीवर चढलं तेव्हा छायाचा आवाज बसला होता. ती नुसतीच हलत होती. ही तोंड पुसायची वेळ आहे हे जिजाबाईला कळत होतं. तिनं पाण्याचा तांब्या आणला, हात पुरेल तेवढा पुढं सरकवला आणि मागं सरली.

"पुरे कर आता माय," ती म्हणाली. "तोंड धू."

छाया चौकटीला धरून उठली. मग येऊन तिनं तोंड धुतलं. कपाळावरची टिकली पाण्याबरोबर गेली. बांगड्यांना तिनं हात लावला नाही, आणि जिजाबाईनंही लाव म्हटलं नाही.

त्या दिवशी जिजाबाईनं चूल पेटवली नाही. ज्या घरात मयत होतं त्या घरी चूल पेटवायची नसते, शेजारी कडू घास घेऊन येतात. जावयाला जाऊन महिना झाला होता, पण दिवे लागायच्या आधी शोभाबाई आली आणि झाकलेली ताटली भिंतीवर ठेवून निघून गेली. ताटलीत पिठलं होतं आणि ज्वारीच्या भाकरी.

जिजाबाईनं अर्धं छायाला दिलं. दोघी आपापल्या दारात बसल्या. मधे अंगण होतं. छायानं पहिला घास तोंडात घातला, कितीतरी वेळ चावला आणि गिळला.

"मीठ कमी आहे काकूच्या पिठल्यात," ती बसलेल्या आवाजात म्हणाली.

"असू दे," जिजाबाई म्हणाली. "खाय."