भारतात आता बौद्ध नाहीत

अमेरिकेत फ्रीमाँटला आले तेव्हा माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, शिकता येत होतं. नागपूरला मी बँकेत होते. इथे नवरा ऑफिसला, मुलगी शाळेत, आणि मी काहीच न करता दुपारपर्यंत दमून जायची. म्हणून कम्युनिटी कॉलेजात ह्युमॅनिटीजचा कोर्स घेतला.

मला गाडी चालवता येत नव्हती. आमच्याच कॉम्प्लेक्समधल्या एक पुण्याच्या काकू त्याच वर्गात होत्या. मुलं मोठी होऊन दुसरीकडे गेली होती, घरी वेळ जात नव्हता. त्या मला सोबत न्यायच्या. वाटेत त्या सुनेबद्दल सांगत राहायच्या, मी ऐकत राहायची.

धर्मांचा धडा सुरू झाला. सर भले गृहस्थ होते. ते म्हणाले, बौद्ध धर्म भारतात जन्मला, पण तिथून नाहीसा झाला, आज तिथे बौद्ध नाहीत. मी वाकून वहीत बघत राहिले. किती जणांना किती वेळा समजावायचं, याचाच शीण आला होता. तरी हात वर गेला.

"सर, मी बौद्ध आहे. नागपूरची."

त्यांनी चूक लगेच मान्य केली आणि पुढच्या तासाला मलाच बोलायला सांगितलं.

मी अडखळत बोलले. आजोबांनी दीक्षा घेतली ते सांगितलं. का घेतली, हे सांगताना गावच्या विहिरीचं सांगावं लागलं. एका मुलीनं विचारलं, मग दुसऱ्या दिवशी काय बदललं? मी म्हटलं, आजोबा नेहमीसारखे गिरणीत गेले, पण आधी आत्याचं नाव शाळेत घातलं.

परतताना सिग्नलला थांबल्यावर काकू म्हणाल्या, "तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत, काकू."

"आमच्याकडे तसं कुणी काही मानत नाही गं."

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. आता त्या परस्पर दुसरीकडून येणार होत्या, मला न्यायला जमणार नव्हतं. वर्गात मात्र आल्या, मागच्या रांगेत बसल्या.

मी बसनं जायला लागले. मध्ये एकदा बस बदलायची, थंडीत ताटकळायचं. नवरा म्हणाला, एवढं दमतेस तर ड्रॉप कर ना कोर्स. मी डबा भरला आणि निघाले.

कोर्स पूर्ण झाला, ग्रेडही चांगली आली. त्या उन्हाळ्यात मी ड्रायव्हिंग शिकले. काकू पार्किंगमध्ये दिसल्या की आम्ही दोघी हवेबद्दल बोलायचो.