चाचांच्या गाड्यासाठी केलेला उतार

आमच्या नदीत पाणी कमी आणि वाळू जास्त, हे मी मान्य करतो. पण वाळू अशी बारीक, की तुपात भाजली तर पाहुणे शिरा म्हणून दोनदा मागून घेतील. ती वाळू परगावचे हायवा ट्रक दिवसाढवळ्या भरून न्यायला लागले आणि नदी खाली खाली चालली. पूर्वी पात्रात झिरा उकरायचा तर कोपरापर्यंत हात गेला की पाणी लागायचं. आता खांदा आत जातो, तरी बोटं कोरडी.

म्हणून आम्ही समिती काढली. अध्यक्ष आरोग्य केंद्रातल्या नर्सताई. त्यांच्या आवाजाला भिऊन गोवर तालुका सोडून गेला, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. बाकी आम्ही चहा पिणारे. जीव टांगणीला लागलेला एकट्या चाचांचा. दर उन्हाळ्यात ते नदीच्या कोरड्या पात्रात टरबुजाची वाडी लावतात, आणि त्या वेलांवर त्यांचं वर्ष निघतं. वाळू गेली की वाडी गेली.

हायवांना पात्रात उतरायला वाट एकच होती, मसणवट्याजवळची. ती आम्ही आडवा चर खणून तोडली. चर एवढा खोल, की पाताळातल्या शेषानं डोकं वर काढून विचारलं, कावून खोदताय बे? नर्सताईंनी दटावलं तेव्हा कुठं तो खाली गेला.

आता निघालेल्या मुरुमाचं काय करायचं? तिथंच टाकला तर रातोरात पुन्हा चर बुजवतील. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, चाचा रोज वाडीतून गाडा वर ढकलतात, त्या उभ्या दरडीवर त्यांना धाप लागते. झालं. आमचं गाव माया करायला लागलं की हात राखत नाही. घमेली डोक्यावर घेऊन सगळा मुरूम वाडीपाशी नेला, दरडीला उतार बांधला, पाणी मारलं, धुम्मस मारून घट्ट केला. शेजारच्या बांधकामावरचा रोलरसुद्धा मागून आणला. हातगाड्यासाठी एवढा रुंद उतार जिल्ह्यात दुसरा नसेल. चाचा नको नको म्हणत होते. पहिला गाडा वर चढला तेव्हा मात्र डोळे पुसत होते.

हायवा यायचे बंद झाले. आम्ही मिशा पिळत हिंडलो.

पहिल्या तोड्याची टरबुजं घेऊन युसूफ वडगावच्या बाजारात चाचा बसले होते, मी शेजारी. एक तरुण आला. पांढरा शर्ट, बोलणं साखरेसारखं. त्यानं सलाम केला, घरच्यांची विचारपूस केली, एक टरबूज वाजवून पसंत केलं. चाचांनी कापून फोड दिली. ती त्यानं सावकाश खाल्ली, बिया हातात गोळा केल्या.

"वाडीजवळचा उतार लई भारी केला, चाचा," तो म्हणाला. "आमचा ड्रायव्हर बघून आला. भरली गाडीबी आरामात चढंल म्हनतो."

चाचांच्या हातातली सुरी तशीच राहिली. उतार सरळ वेलांत उतरत होता.

"बाकीचा माल कधी निघंल?" त्यानं विचारलं.

"टैम हाय अजून."

"बरं," म्हणाला, आणि बिया गाड्याच्या कडेवर नीट मांडून गेला. टरबूज नेलंच नाही. लाल फाकीवर माश्या बसायला लागल्या.

त्याच दुपारी कुदळी घेऊन आम्ही उतारावर गेलो. पण काम आमचंच, आणि मन लावून केलेलं. कुदळ मारली की ठिणगी उडायची. त्या ठिणग्यांवर अख्ख्या गावाच्या बिड्या पेटल्या असत्या. पण कुणी बिडी काढत नव्हतं. ऊन कललं तरी आम्ही वीतभरच खाली गेलो होतो. वरच्या रस्त्यावर एक इंजिन येऊन थांबलं. मग दुसरं. बंद कुणीच केलं नाही.

चाचा वाडीत बसले होते. "तोडून घेऊ का सगळी?" नर्सताईंनी विचारलं. असा हळू आवाज त्यांच्या घशात आहे, हे मला तेव्हाच कळलं.

चाचांनी एक टरबूज वेलासकट उचललं, टिचकी मारली, कानाला लावलं.

"कच्चं हाय, ताई. आतून पांढरं निघंल."

आणि ते परत वाळूत ठेवून त्यांनी वर पानं सारखी केली. मी कुदळ उचलली. रस्त्यावरच्या पहिल्या गाडीनं दिवे लावले.